शेकरूं आणि कस्तूर

भीमा नदीच्या उगमापाशीं भीमाशंकरचें जें अरण्य आहे, त्यांतील दोन रहिवाशांची तुलना आज करावयाची आहे. एक शेकरूं, म्हणजे मोठी झाडखार. दुसरा शीळ घालणारा कस्तूर पक्षी. दोघेही घरटें बांधितात. परंतु साम्य बहुधा तेथेंच संपतें.

शेकरूं अंडीं घालीत नाहीं. तें पिलांस दूध पाजितें. त्याची पाठ तांबूस, पोट फिकट, आणि शेपूट शरीराहून लांब असतें. उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर, जेथें जड शत्रूस पोहोंचतां येत नाहीं, तेथें तें काटक्या व पानें ह्यांचा मोठा गोळा रचितें. एकच शेकरूं असे अनेक गोळे बांधितें. म्हणून घरटीं मोजून शेकरूंची संख्या सांगणारा मनुष्य हटकून फसतो.

कस्तूर निळसर काळा असून त्याच्या कपाळावर व खांद्यांवर निळी चकाकी असते. तो ओढ्याकांठच्या कपारींत माती, मुळ्या व गवत ह्यांचें घरटें करितो, आणि किडे, गोगलगाई, लहान खेंकडे खातो. पहांटे तो जी शीळ घालितो, ती थेट मनुष्याची वाटते. मीं ती प्रथम ऐकली तेव्हां मागून कोणी गुराखी येत आहे असें समजून वाटेंत थांबलों होतों! इंग्रज लोक त्यास ‘शीळ घालणारा शाळकरी’ म्हणत.

आतां विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, शेकरूंची वाट झाडांच्या शेंड्यांवरून जाते. तें सुमारें वीस फूट उडी घेतें. त्याहून मोठी फट पडली तर त्यास जमिनीवर उतरावें लागतें, व तेथें कुत्रीं आणि बिबट्या ह्यांपुढें त्याचा निभाव लागणें कठीण. कस्तुरास पंख आहेत, तो फट ओलांडून जातो. परंतु झाडी जाऊन ओढा लवकर आटला, तर त्याचेंही अन्न जातें. कुऱ्हाड एकच, पण घाव एकास आज लागतो व दुसऱ्यास मागाहून.

शेकरूंकरितां सरकारनें १९८५ सालीं तेथें अभयारण्य केलें, व तें महाराष्ट्राचा राज्यप्राणीही ठरलें आहे. परंतु हद्दीबाहेरच्या मालकीच्या रानांत राबासाठीं फांद्या तोडिल्या जातात. राब भाजूंच नका, असें भाताचें रोप कधीं न लावलेल्या मनुष्यानें सांगूं नये. तरी तोडणाऱ्यानें आधीं वर पाहावें; पानांचा गोळा दिसला तर तें झाड सोडावें, आणि शेजारच्या झाडास भिडलेली फांदी तशीच राहूं द्यावी.