शनिवार तेली

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून कोकणातील बेने इस्राएल समाजाचा जमाखर्च मला अभ्यासण्याजोगा वाटतो. या ज्यूंनी मराठी हीच मातृभाषा मानली, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून आडनावे घेतली आणि तेलाचे घाणे चालवले. मात्र शब्बाथच्या दिवशी घाणा बंद! त्या दिवसाच्या कमाईवर त्यांनी पाणी सोडले. म्हणूनच लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक जण इस्राएलला गेले. तेथे हिब्रू आत्मसात करूनही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले.

तेव्हा मिसळणे म्हणजे विरघळणे नव्हे. मी घरी मराठी आणि पेठेत कन्नड बोलतो. कन्नड शिकल्याने माझी मराठी घटत नाही. मराठी वाचणे सोडले, तर मात्र घटेल.