विमा आणि सरकारी दवाखाना

आरोग्यविमा काढला म्हणजे आजारपणाची काळजी मिटली, असें बोलणें हल्लीं घरोघरीं ऐकूं येतें. तें कितपत खरें, हें आधीं हिशेबानेंच पाहूं. समजा, एका गांवीं हजार कुटुंबें आहेत आणि वर्षांत त्यांपैकीं दहांवर पन्नास-पन्नास हजार रुपयांच्या शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. एकंदर खर्च पांच लक्ष. तो सर्वांनीं वांटून घेतल्यास दर कुटुंबास पांचशे रुपये पडतात. निरोग्यानें रोग्याचा भार उचलावयाचा, हेंच विम्याचें मर्म होय.

परंतु नफ्यासाठीं चालणारी कंपनी सर्वांस सारखें लेखीत नाहीं. वय वाढेल तसा ती हप्ता चढविते. पूर्वीचा आजार असल्यास त्याच्या खर्चासाठीं कांहीं वर्षें थांबावयास लावते. तिला दोष कशास द्यावा? तिचा व्यवहारच तसा. मात्र म्हातारपणीं, ज्या वेळीं विम्याची खरी गरज, त्याच वेळीं हप्ता आवांक्याबाहेर जातो. आणि सालदाराला तर तो प्रथमपासूनच झेपत नाहीं.

ब्रिटननें ५ जुलै १९४८ पासून दुसरा मार्ग धरिला. तेथें रुग्णालयें मुख्यतः कराच्या पैशांतून चालतात. आपल्याकडे भोर समितीनें १९४६ सालींच सांगितलें होतें कीं, पैसे नाहींत म्हणून कोणीहि उपचारावांचून राहूं नये. महाराष्ट्रानें दोन्ही मार्गांचा मेळ घातला आहे. २०१२ सालीं सुरू झालेली जीवनदायी योजना पुढें महात्मा फुले यांच्या नांवानें चालूं लागली. १ जुलै २०२४ पासून ती राज्यांतील सर्व कुटुंबांस लागू झाली असून वर्षाला पांच लक्ष रुपयांपर्यंतच्या, यादींतील उपचारांचा भार सरकार वाहतें. गरीब-श्रीमंत हा भेद तींत उरला नाहीं, ही मोठीच गोष्ट.

तरी सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर किंवा जळगांव जामोद तालुक्यांत, सोयाबीन सोंगतांना एखाद्या बाईस साप चावला, तर कार्डावरचे पांच लक्ष काय करणार? तिला हवें असतें जवळच्या आरोग्य केंद्रांत सर्पविषावरील औषध, आणि तें देणारा डॉक्टर रात्रींहि जागेवर. मधुमेहाच्या रोग्याला लागते ती रोजची गोळी. विमा बहुधा खाटेवर पडल्यावरच मदतीस येतो. दयाळू शोमरोनी मनुष्यानें जखमी वाटसरूसाठीं पैसे मोजले खरे, पण वाटेंत उतारशाळा होती म्हणूनच ते कामीं आले!

बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांपैकीं किती जण संग्रामपुराकडे वळतील, हें विम्याच्या हप्त्यानें ठरावयाचें नाहीं. भरलेलीं पदें, वेळेवर मिळणारा पगार आणि राहण्याजोगें घर यांवर तें अवलंबून राहील.