निळी चकती

वर्तमानपत्रात व्यापाराच्या पानावर 'ब्लू चिप' हा शब्द तुम्ही वाचला असेल. 'मुंबईत ब्लू चिप शेअर वधारले' अशी बातमी असते. ब्लू म्हणजे निळी, चिप म्हणजे पातळ चकती. मग निळ्या चकतीचा बाजाराशी काय संबंध?

हा शब्द अमेरिकेतून आला. तेथे पोकर नावाचा पत्त्यांचा जुगार खेळतात. त्यात पैशांऐवजी रंगीत चकत्या मांडतात. पांढरी चकती कमी किमतीची, तांबडी तिच्याहून जास्त आणि निळी सर्वांत मोलाची. पुढे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील लोक महाग शेअरला 'ब्लू चिप' म्हणू लागले. हळूहळू 'महाग' हा अर्थ मागे पडला आणि 'भरवशाचा' हा अर्थ रूढ झाला. भरवशाच्या वस्तूला जुगारातले नाव मिळावे, ही गंमतच नाही का?

आता शेअर म्हणजे काय ते पाहू. कारखाना काढायला फार भांडवल लागते. एकट्याजवळ तेवढा पैसा नसतो. म्हणून भांडवलाचे लहान लहान भाग करून ते लोकांना विकतात. भाग घेणारा तो भागधारक. तुम्ही त्याला हिस्सेदार म्हणाल. मराठीतही हा शब्द चालतो. कंपनीला नफा झाला, तर भागधारकाला त्यातला वाटा मिळू शकतो. तोटा झाला, तर भागाची किंमत उतरते. या भागांची खरेदी-विक्री करणारा मुंबईचा शेअर बाजार १८७५ साली स्थापन झाला. तो ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव दलाल स्ट्रीट. दलाल, बाजार, नफा हे शब्द तर तुमच्या घरचेच आहेत!

परभणी जिल्ह्यात येलदरी येथे पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. जवळचा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडतो, पण धरणात पाणी असते. एक वर्ष पाऊस कमी झाला, तरी मागचा साठा उपयोगी पडतो. ब्लू चिप कंपनी अशीच असते. ती मोठी असते, जुनी असते, वाईट दिवसांतही तग धरते. पण लागोपाठ दुष्काळ पडला, तर धरणही तळ गाठते. हे येलदरीच्या लोकांना सांगायला नको.

मुंबई शेअर बाजाराने १९८६ साली 'सेन्सेक्स' सुरू केला. तीस मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या किमतींवरून हा आकडा काढतात. पहिल्या यादीत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स आणि हिंदुस्थान मोटर्स या कंपन्या होत्या. एकीची पद्मिनी मोटार मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावे. दुसरीची अॅम्बॅसडर मंत्र्यांच्या दारात उभी असे. या गाड्यांसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत. मग नव्या कंपन्यांच्या नव्या मोटारी आल्या. पद्मिनी बंद झाली आणि २०१४ साली अॅम्बॅसडरचे उत्पादनही थांबले. यादीतून दोन्ही नावे केव्हाच गेली होती.

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरची गोष्ट याहून वाईट. तीही सेन्सेक्सच्या यादीत होती. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केले, की हिशेबात अनेक वर्षे खोटे आकडे दाखवले. सुमारे १७९ रुपयांचा शेअर त्याच दिवशी चाळीस रुपयांच्या खाली आला. ज्यांनी आयुष्यभराची बचत त्यात ठेवली होती, त्यांचे काय झाले असेल?

'ब्लू चिप' हा सरकारने दिलेला किताब नाही. कोणीही आपल्या योजनेला हे नाव लावून तुमच्या अब्बांकडे पैसे मागू शकतो. तेव्हा कंपनी काय बनवते, कर्ज किती, हिशेब कोण तपासतो, हे विचारावे. उत्तर देताना तो चिडला, तर पैसे घरातच ठेवलेले बरे.

आता हा शब्द बाजाराबाहेरही फिरतो. अमेरिकेत शाळेतल्या अतिशय गुणी खेळाडूला ब्लू चिप म्हणतात. हमखास मोठी किंमत येणाऱ्या नामवंत चित्रकारांच्या चित्रांनाही तसेच म्हणतात. आपल्याकडे १९९७ साली सरकारने स्वतःच्या नऊ मोठ्या कंपन्या निवडल्या, तेव्हा मात्र निळी चकती आठवली नाही. त्यांना नाव दिले 'नवरत्न', अकबर बादशहाच्या दरबारातल्यासारखे.