शाहिरांचे कलापथक

जालना जिल्ह्यातील मुले आज आपला पत्ता लिहिताना शेवटी 'महाराष्ट्र' हा शब्द लिहितात. त्यांच्या पणजोबांना तसे लिहिता येत नव्हते. सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नागपूर-अमरावतीकडील मराठी माणसे मध्य प्रांत व वऱ्हाडात, तर पुणे-मुंबईकडील मुंबई प्रांतात राहत. भाषा एक, पण राज्ये तीन! या विखुरलेल्या लोकांत ऐक्याची भावना जागी व्हावी म्हणून सभा झाल्या, लेख लिहिले गेले. परंतु ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्यांच्यापर्यंत लेख कसे पोहोचणार? त्यांच्यापर्यंत शाहिरांचा डफ पोहोचला.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर या तीन शाहिरांनी मुंबईत 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. तिघेही साम्यवादी विचारांचे आणि कामगारांच्या चळवळीत वाढलेले होते. अण्णाभाऊ वाटेगावचे. बालपणी ते आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले. शाळा त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. तरी पुढे त्यांनी 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. अमर शेख बार्शीचे. त्यांचा आवाज इतका बुलंद होता की, अफाट जनसमुदायही तो ऐकून स्तब्ध होई.

कलापथक म्हणजे मोजक्या कलावंतांचा मेळ. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कडवे गातो. मागे उभे असलेले झीलकरी 'जी जी रं जी' अशी झील धरतात. तुणतुणे एकच सूर अखंड धरून ठेवते, झांज ठेका देते आणि कथा रंगात आली की ढोलकीची लय वाढत जाते. यांत कोणी एकटा मोठा नसतो. शाहिराचा श्वास संपतो तेथे झीलकऱ्याचा सूर सुरू होतो. म्हणूनच गाणे तुटत नाही. दोन-चार कडवी होताच झील श्रोत्यांच्याही ओठी येते आणि परस्परांस न ओळखणारी माणसे एका सुरात गाऊ लागतात.

या शाहिरांनी जुना साज ठेवला, पण आशय नवा आणला. पूर्वी पोवाड्यांत प्रायः वीरांचे पराक्रम वर्णिलेले असत. आता त्यांत गिरणी कामगार, शेतमजूर आणि उपाशी माणूस आला. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अण्णाभाऊंनी त्यावर पोवाडा रचला. दूरच्या बंगाली माणसाचे दुःख त्यामुळे मराठी श्रोत्यास आपले वाटले. तमाशाच्या आरंभी गणेशाला वंदन करणारा 'गण' असे. अण्णाभाऊंनी त्या जागी मातृभूमीला वंदन केले. त्यांच्या या नव्या प्रकारास 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले. सत्तेवर टीका केल्यामुळे कलापथकाच्या कार्यक्रमांवर सरकारची बंदीही आली. परंतु लोकांच्या मुखी बसलेली गाणी बंद पडली नाहीत.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहिली. त्या वेळी अण्णाभाऊंनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली. पोटासाठी मुंबईस आलेल्या मजुराची पत्नी गावीच राहते. त्या ताटातुटीच्या दुःखातून कवी महाराष्ट्राच्या ताटातुटीकडे वळतो. घर सोडून आलेल्या हजारो कामगारांना हे दुःख समजावून सांगावे लागले नाही. ते त्यांचेच होते. अमर शेख यांनी ही छक्कड गावोगावी पोहोचविली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव-कारवारचा भाग मात्र बाहेरच राहिला. १९६९ साली अण्णाभाऊ व अमर शेख दोघेही निवर्तले. पुढे १ मे १९८१ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला.

राज्य केवळ गाण्यांनी मिळाले नाही. त्यासाठी अनेकांनी प्राण वेचले. परंतु आपण सारे एक आहोत ही जाणीव निरक्षरांच्याही मनात रुजविण्याचे कार्य या शाहिरांनी केले.

स्वाध्याय
१. अक्षरओळख नसलेल्या लोकांपर्यंत ऐक्याचा विचार कसा पोहोचला?
२. कलापथकात झीलकऱ्याचे महत्त्व कोणते?
३. 'जुना साज, नवा आशय' हे उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील वृद्धांकडून एखाद्या शाहिराची किंवा भजनी मंडळाची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.