ब्राउझर उडवण्याआधी

अपडेटनंतर मशीन रीस्टार्ट केलं, ब्राउझर उघडला, तर पानावरच्या अक्षरांचा पार चुरा झालेला. वेलांट्या एकीकडे, काने दुसरीकडे, टॅबवरच्या चिन्हांच्या जागी काळे चौकोन. माउस फिरवला की तेवढाच तुकडा बदलायचा, तोही आणखी विद्रूप व्हायला. टर्मिनल, फाइल मॅनेजर, लिब्रेऑफिस मात्र ठणठणीत.

लिनक्स वापरणाऱ्याला अशा वेळी सल्ल्यांची वाण नसते. एकाने फॉन्ट नव्याने टाकायला सांगितले. दुसऱ्याने ग्राफिक्स कार्ड गेलं असं ठरवूनच टाकलं. भाच्याने फोनवरून फर्मान काढलं, "मामा, ब्राउझर उडव आणि परत टाक!"

हा शेवटचा सल्ला सगळ्यात जास्त मिळतो आणि लिनक्सवर बहुतेक वेळा फुकट जातो. पॅकेज काढलं की प्रोग्रॅम जातो, पण होम फोल्डरमधलं त्याचं बिऱ्हाड तसंच राहतं. अगदी 'पर्ज' केलं तरी एपीटी होम फोल्डरला हात लावत नाही. नवा ब्राउझर येतो आणि त्याच जुन्या पसाऱ्यात नांदायला लागतो.

तेव्हा काहीही बदलण्याआधी बिघाड कुठल्या थरात आहे ते पाहा. आधी स्क्रीनशॉट घ्या आणि फोनवर पाठवून उघडा. तिथे अक्षरं नीट दिसली तर संशय मॉनिटरवर किंवा केबलवर. माझ्याकडे फोनवरही चुराच दिसला, म्हणजे मॉनिटर सुटला. मग त्याच पानाची पीडीएफ केली आणि दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. (प्रिंटची खिडकीही फुटलेलीच होती, पण न वाचता एंटर दाबता येतो.) पीडीएफ स्वच्छ निघाली. अशा वेळी फॉन्ट बदलत बसणं म्हणजे दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

तिसरी चाचणी माझ्या विशेष आवडीची. सेटिंग्जमधून मशीनवर एक नवा युजर तयार करायचा, त्याच्या नावाने लॉगिन करायचं आणि तोच ब्राउझर उघडायचा. तिथे सगळं लख्ख दिसलं. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, प्रोग्रॅमही तोच. वेगळं होतं फक्त होम फोल्डर. कार्डाचे पैसे तिथेच वाचले.

कुठल्या अपडेटने घोळ घातला, ते एपीटीच्या नोंदवहीत सापडतं. व्हार, त्यात लॉग, त्यात एपीटी या वाटेने गेलं की हिस्टरी नावाची फाइल दिसते. माझ्या फाइलीत शेवटच्या नोंदीत मेसा होतं. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचा कारभार लिनक्सवर बहुधा मेसाच पाहतं. पान रंगवण्यासाठी ब्राउझर ग्राफिक्स चिपला छोटे प्रोग्रॅम देतो, ते शेडर. दर वेळी ते नव्याने बनवण्यात वेळ जातो, म्हणून क्रोमियमच्या पायावरचे ब्राउझर तयार माल जीपीयूकॅश नावाच्या फोल्डरमध्ये साठवतात. ड्रायव्हर बदलला की हा साठा फेकायला हवा. पण तो बदलला हे ब्राउझर ओळखतो आवृत्तीच्या आकड्यावरून. मे २०२३ मध्ये उबुंटू २२.०४ वापरणाऱ्या अनेकांना नेमका इथेच फटका बसला. मेसा आतून बदललं, बाहेरचा आकडा मात्र २२.२.५ हाच राहिला. ब्राउझर गाफील, आणि जुने शेडर नव्या ड्रायव्हरच्या गळ्यात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ब्राउझर पूर्ण बंद करा. खिडकी मिटली तरी तो मागे चालू राहू शकतो, म्हणून सिस्टिम मॉनिटरमध्ये खात्री करा. होम फोल्डरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. डॉट-कॉन्फिग, त्यात ब्राउझरच्या नावाचा फोल्डर, त्यात डिफॉल्ट, त्यात जीपीयूकॅश. फक्त या शेवटच्या फोल्डरचं नाव बदला. ब्राउझर उघडताच नवा फोल्डर आपोआप बनतो. घाईघाईत अख्खा डिफॉल्ट मात्र उडवू नका. बुकमार्क, हिस्टरी, साठवलेले पासवर्ड, सगळं त्यातच असतं. ब्राउझर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून घेतला असेल तर हे सगळं होममध्येच, पण दुसऱ्या फोल्डरात सापडेल.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा, असंही कुणीतरी सांगेलच. त्याने अक्षरं लगेच जागेवर येतात, खोटं नाही. पण रंगवण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं आणि साधा व्हिडिओ लावला तरी पंखा घोंघावायला लागतो. तपासणीपुरतं बंद करा आणि आठवणीने परत चालू करा. फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोड तर एक्स्टेन्शन आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन दोन्ही एकदमच बंद करतो. त्यामुळे त्यात पान नीट दिसलं म्हणून एखाद्या गरीब एक्स्टेन्शनवर आळ घेऊ नका.

चाचणीसाठी केलेलं खातं मी काढलेलं नाही. मोठं अपडेट आलं आणि पुन्हा काही वाकडं दिसलं, तर आधी तिथे डोकावून येता येतं.