रोमचा तत्त्वज्ञ बादशहा मार्क ऑरेलियस

सोलापूरच्या उत्तरेस, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. गोरा कुंभाराचे गाव म्हणून ते आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु गोरोबांच्या हजाराहून अधिक वर्षे आधी हेच गाव तगर या नावाने परदेशांत प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या वृत्तांतात तगराहून सुती कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरी नेत असत असे नमूद आहे. तेथून तो माल गलबतांनी पश्चिमेकडे, रोमच्या राज्यात जाई. तेरच्या पांढरीत रोमन वळणाच्या वस्तूही सापडल्या आहेत. तेव्हा ज्या बादशहाची हकीकत आज आम्ही सांगणार आहो, तो आमच्या मुलखास अगदीच परका होता असे नाही.

त्याचे नाव मार्क ऑरेलियस. जन्म रोम शहरी, इ. स. १२१ त. बाप लहानपणीच वारला. पुढे अंतोनिनस पायस याने त्यास १३८ साली दत्तक घेतले, आणि १६१ साली तो गादीवर बसला. जुने चरित्रकार सांगतात की, बारा वर्षांचा असतानाच त्याने तत्त्वज्ञान्यांची जाडीभरडी घोंगडी अंगावर घेतली व तो जमिनीवर निजू लागला. अखेर आईने फार विनवणी केली तेव्हा कोठे तो बिछान्यावर निजण्यास कबूल झाला.

तो ज्या पंथाचा होता त्याचे नाव स्तोयिक. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनै शहरी ज्यांच्याशी बोलला, त्यांतलेच हे लोक. ख्रिस्तापूर्वी सुमारे तीनशे वर्षे जेनो नावाचा गुरू त्या शहरातील एका चित्रे काढलेल्या ओसरीत बसून शिकवीत असे. ग्रीक भाषेत अशा ओसरीस ‘स्तोआ’ म्हणतात, त्यावरून पंथास हे नाव पडले.

त्यांच्या शिकवणीचे मूळ एवढेच की, काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत व काही नाहीत. आमच्या कुणब्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. नांगरट, पाळी, ज्वारीची वेळेवर पेरणी ही त्याच्या हातची. हस्ताचा पाऊस त्याच्या हातचा नव्हे. स्तोयिक हेच माप सर्व आयुष्यास लावीत. शरीर, धन, अब्रू, मुलेबाळे, आपले मरण, ही सर्व पावसासारखी. आपला विचार, आपली इच्छा आणि आपले वर्तन एवढीच काय ती पेरणी. म्हणून शहाण्याने आपले वर्तन नीट राखावे आणि बाकीचे येईल तसे घ्यावे. गीतेतील स्थितप्रज्ञाची येथे पुष्कळांस आठवण होईल. साम्य आहे खरे. पण स्तोयिकांचा भर प्रपंच सोडण्यावर नसून नेमलेले काम करण्यावर होता.

या शिकवणीची परीक्षा बादशहास कडक द्यावी लागली. पूर्वेकडील पार्थी लोकांशी झालेल्या लढाईतून परत आलेल्या फौजेने सुमारे १६५ साली एक भयंकर साथ आणली. ती देवीची असावी असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. (हा रोग आता पृथ्वीवर राहिला नाही, १९८० साली तसे जाहीर झाले.) साथ वर्षानुवर्षे चालली. गावे ओस पडली, पलटणींत माणसे उरेनात. इतक्यात उत्तरेकडील रानटी टोळ्या डान्यूब नदी ओलांडून आत शिरल्या. खजिना रिता होता. तेव्हा नवा कर बसविण्याऐवजी त्याने वाड्यातील सोन्याचे पेले, रेशमी वस्त्रे व जवाहीर भर चौकात लिलावास काढले, असे सांगतात. त्यास तेरा-चौदा मुले झाली, त्यांतली निम्म्याहून अधिक त्याच्या देखत गेली. आमच्या प्रांतात चौंडीच्या अहिल्याबाईंनी १७५४ साली पती व १७६७ साली पुत्र गमावला, आणि तरीही १७९५ पर्यंत होळकरांचा कारभार नेकीने चालविला. २०१९ सालापासून सोलापूरच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. दुःख उरात धरून राज्य चालविणे काय असते, हे त्यावरून थोडे कळेल.

छावणीत, दिवसाचे काम आटोपल्यावर, तो एका वहीत ग्रीक भाषेत लिहीत असे. हे बारा भाग आज ‘आत्मचिंतन’ अशा अर्थाच्या नावांनी जगभर वाचले जातात. ते लोकांसाठी लिहिलेले नव्हते. आपणच आपणास केलेला तो उपदेश आहे. पहाटे अंथरूण सोडवत नाही म्हणून तो स्वतःची कानउघाडणी करतो. आज कृतघ्न व उर्मट माणसे भेटतील, तरी ती आपली भाऊबंदच आहेत, अशी मनास आधीच समज देतो. दुसऱ्यास शिकविणाऱ्या आम्हां लोकांनी हे पुस्तक मुद्दाम पाहावे. त्यात दुसऱ्यास लावलेला दोष जवळजवळ नाही.

जे लिहिले ते त्याने पुष्कळसे आचरलेही. १७५ साली सीरियाचा सुभेदार कासियस बंड करून स्वतः बादशहा म्हणवू लागला. त्याच्याच माणसांनी त्यास मारून त्याचे डोके बादशहाकडे पाठविले, तेव्हा मार्काने ते पाहण्याचे नाकारले व पुरून टाकण्यास सांगितले. मात्र आपल्या नालायक पुत्रास, कॉमोडस यास, त्याने राज्याचा भागीदार केले. त्याची ही चूक रोमला फार महाग पडली. १८० साली तो छावणीतच वारला.

आता जी गोष्ट टाळून चालणार नाही तिच्याकडे येतो. या सज्जन बादशहाच्या राज्यात आमच्या पूर्वीच्या बंधुभगिनींचे रक्त सांडले. १७७ साली गॉल प्रांतातील ल्यों शहरी ब्लांदिना नावाच्या दासीस व इतर अनेकांस हाल करून मारण्यात आले. हा छळ त्याने स्वतः उठविला असे नव्हे. लोकांच्या दंग्यातून तो सुरू झाला. पण अधिकाऱ्याने विचारले तेव्हा, जे विश्वास नाकारतील त्यांस सोडा आणि बाकीच्यांस मारा, असेच उत्तर बादशहाकडून आले. आपल्या वहीत ख्रिस्ती लोकांचा उल्लेख तो एकदाच करतो, आणि तोही त्यांच्या मरणास हट्ट समजून. ते शब्द मागाहून कोणी घातले असेही काही विद्वान म्हणतात.

सुमारे १६५ सालचा रोममधील एक खटला याहून अधिक विचार करावयास लावतो. मार्कास ज्या गुरूने एपिक्टेटसची वचने आपल्या घरातून आणून दिली, तो रुस्टिकस. त्याचे उपकार बादशहाने आपल्या वहीत नोंदले आहेत. एपिक्टेटस हा जन्माचा गुलाम व पायाने लंगडा. पण त्याच्या शिकवणीपुढे जगाचा धनी शिष्य होऊन बसला. तोच रुस्टिकस पुढे रोमचा मुख्य अधिकारी झाला, आणि त्याच्यापुढे युस्तिन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकास व सहा सोबत्यांस उभे करण्यात आले. युस्तिनाने तरुणपणी एका स्तोयिक गुरूकडेच शिक्षणास आरंभ केला होता. देवतांना यज्ञ करा, नाहीतर मरा, असे रुस्टिकसाने सांगितले. एकेकास विचारीत तो एव्हेल्पिस्त नावाच्या माणसाकडे वळला आणि तू कोण, असे त्याने विचारले. मी कैसराचा गुलाम आहे, पण ख्रिस्ताने मला मोकळे केले आहे, असे त्याने सांगितले. त्या दिवशी सातही जणांस फटके मारून त्यांची डोकी उडविण्यात आली.