मागील आयुष्याचा हिशेब

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र ३:४-१४

चाळिशी-पन्नाशी आली की मनुष्य मागील आयुष्याचा हिशेब मांडू लागतो. कोठे चुकलो, काय मिळविले, उरलेले दिवस कशासाठी घालवावेत? असा हिशेब मांडताना आपण बहुधा पापांची व चुकांचीच बाजू तपासतो. प्रेषित पौल मात्र प्रथम आपली जमेची बाजू उघडून दाखवितो.

१. पौलाने तोटा कशाला मानले?

वचने ५ व ६ पाहा. आठव्या दिवशीची सुंता, बन्यामिनाचा वंश, परूश्यांचा पंथ, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष आचरण. मंडळीचा छळ सोडला तर या सर्व चांगल्या गोष्टी आहेत. तो छळदेखील पौलाने त्या काळी धर्माचा आवेश म्हणून जमेलाच धरला होता! ख्रिस्ताची ओळख झाल्यावर हा सारा लाभ तोटा ठरला. ज्या चांगल्या गोष्टीवर विसंबून आपण देवापुढे उभे राहू पाहतो, तीच ख्रिस्ताच्या आड येऊ शकते, हा या पाठाचा गाभा आहे.

२. पंडिता रमाबाईंची साक्ष

पंडिता रमाबाईंचा (१८५८-१९२२) बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. विद्या होती, कीर्ती होती, सेवाही होती. असे असता, १९०७ साली आपली साक्ष लिहिताना त्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो अद्याप मिळालेला नाही. मग एक पापी म्हणून त्या प्रभूकडे आल्या, आणि त्यांना शांती लाभली.

बाप्तिस्मा घेणे ही त्यांची चूक नव्हती, सदन काढणे हीही नव्हती. मार्ग बरोबरच होता, मुक्काम मात्र पुढे होता.

३. 'मागील विसरणे' म्हणजे काय?

तेराव्या वचनाचा अर्थ आठवण पुसून टाकणे असा नव्हे. आपण मंडळीचा छळ केला, हे पौल १ करिंथ १५:९ मध्ये स्वतःच सांगतो. मागील गोष्टींनी पाय बांधून घ्यावयाचे नाहीत, आणि त्यांच्यावर टेकूनही राहावयाचे नाही, हाच याचा अर्थ.

रमाबाईंच्या आयुष्यात हे स्पष्ट दिसते. कोवळ्या वयात त्यांनी दुष्काळात उपासमार सोसली होती, आईबाप गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. आईवडिलांनी शिकविलेली विद्याही वाया गेली नाही. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली कन्या मनोरमाबाई प्रभूकडे गेल्या. जिच्या हाती काम सोपवावयाचे तीच आधी गेली, तरी भाषांतराचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत सोडले नाही. काम वारसाच्या आधारावर उभे असते तर ते तेथेच थांबले असते.

४. आपल्या मंडळीसाठी बोध

रमाबाईंचे हात आपल्या भागापर्यंतही पोहोचले होते. १९१२ साली, गुलबर्गा निजामाच्या राज्यात असताना, रमाबाई व मनोरमाबाई यांनी तेथे ख्रिस्ती शाळा काढली. आज बिदर-कलबुर्गी भागातील आपल्या मंडळ्यांत पुष्कळांना विश्वास आजोबा-पणजोबांकडून आलेला आहे. नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, गीते पाठ आहेत, वर्गणी वेळेवर जाते. ही देवाची कृपाच आहे. परंतु कमलनगरहून बिदरला निघालेला मनुष्य भालकीलाच उतरून बसला तर त्याला काय म्हणावे? गाडी बरोबर होती, तिकीटही बरोबर होते, पण तो पोहोचला नाही.

आपण पोहोचलो असे पौलही म्हणत नाही (वचन १२). तो धावतच आहे. म्हणून ज्याचे वय झाले आहे त्यानेही निराश होऊ नये. आयुष्याची किती वर्षे गेली हे प्रभू विचारीत नाही. आज तू मला ओळखतोस काय, एवढेच विचारतो.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. वचने ५-६ वाचून पौलाच्या जमेच्या गोष्टींची यादी करा. आपली यादी कशी होईल?

२. ख्रिस्ती धर्म मिळणे आणि ख्रिस्त मिळणे यांत काय फरक आहे?

३. आपल्या मागील दुःखाचा किंवा शिक्षणाचा उपयोग प्रभू आज कोणासाठी करू शकेल?

शिक्षकांनी तिसऱ्या प्रश्नास पुरेसा वेळ द्यावा. मुलांना लगेच उत्तर सुचले नाही तरी घाई करू नये. तो प्रश्न त्यांनी घरी नेऊन वडीलधाऱ्यांनाही विचारावा.